कोंड्यावरची तिसरी रेघ

१

घोटावड्याच्या बंद भातगिरणीत रोज सकाळी सात वाजता नाच सुरू व्हायचा. गिरणीत नाच कशाला, हा प्रश्न गावाने पहिले पंधरा दिवस विचारला आणि मग सोडून दिला. गावाला इतरही कामं होती.

गिरणी हैबतरावांची. म्हणजे निम्मी हैबतरावांची आणि निम्मी त्यांच्या धाकट्या भावाची, जयसिंगरावांची. कोणती निम्मी कोणाची, हे कोर्ट ठरवणार होतं आणि कोर्टाने त्यासाठी सहा वर्षं घेतली होती. तेवढ्या काळात यंत्रं विकली गेली, पट्टे कुजले, आणि शिल्लक राहिला तो नुसता लांबरुंद हॉल. वर पत्रा, पत्र्याखाली लोखंडी कैच्या, आणि खाली घोटून घोटून आरशासारखा केलेला कोबा. भात पसरण्यासाठी केलेल्या त्या कोब्यावर आता हैबतरावांची धाकटी मुलगी जया चाकांचे बूट घालून नाचत असे.

जया एकोणीस वर्षांची. पुण्याला वसतिगृहात राहून शिकताना तिला स्केटिंगचा नाद लागला. इतर पोरी शर्यतीत पळायच्या. ही गाण्यावर गिरक्या घ्यायची. जिल्ह्यात पहिली आली. आता दिवाळीच्या आधीच्या रविवारी पुण्यात राज्यासाठी निवड होती. हैबतरावांनी अट घातली होती ती सरळ होती. "निवड झाली तर जा तुला कुटं जायाचं तितं. न्हाई झाली, तर कासारसाईचं स्थळ हाय. मार्गशीर्षात बार उडवून द्यायचा." कासारसाईच्या मुलाचे दोन ट्रॅक्टर आणि एक मिशी, एवढी माहिती जयाला होती. मिशी तिने फोटोत पाहिली होती.

नाच बसवायला जयवंत मास्तर येत. लवळ्याचे. वय एक्कावन्न. तरुणपणी आठ वर्षं तमाशाच्या फडात नाच बसवले, गुडघे गेल्यावर पुण्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर झाले आणि एकोणीस स्नेहसंमेलनं पार पाडली. आता गुडघ्यांच्या दाखल्यावर रजेवर होते. चाकांवर ते आयुष्यात एकदाही उभे राहिले नव्हते. पोहता न येणाऱ्या साहेबाकडे पूरनियंत्रण खातं असतं, तसं ते होतं. त्यामुळे काही अडत नव्हतं.

मास्तरांची काम करण्याची एक पद्धत होती आणि ती गिरणीनेच त्यांना शिकवली होती. वीस वर्षांचा बारीक कोंडा कैच्यांवर साठलेला होता. रात्रभर तो पिठासारखा खाली झिरपत राही. सकाळी कोब्यावर त्याची पातळ, सारखी साय धरलेली असे. झाडणारी रंभाबाई झाडू घेऊन दारात उभी असे, पण मास्तर तिला थांबवत. पहिला फेरा कोंड्यावर व्हायचा. जया नाच संपवून कडेला आली की मास्तर चपला काढून, नुसत्या मोज्यांवर आत जात आणि चाकांच्या रेघा वाचत. कुठे भार उशिरा बदलला, कुठे गिरकी चिंचोळी झाली, सगळं तिथे लिहिलेलं असे. मग रंभाबाई झाडायची आणि खरा सराव सुरू व्हायचा.

"मास्तर, तुमचा अंगठा बाहेर बघतोय," जया म्हणायची. उजवा मोजा फाटलेला होता.

"बघू दे. त्यालाही कला कळते."

नऊ वाजता हैबतरावांच्या घरून चहा येई. जयाला स्टीलच्या पेल्यात. मास्तरांना कपातून, आणि कप रोज तोच, कान तुटलेला. घरात कान असलेले कप बरेच होते. मास्तर तो दोन बोटांत धरून पीत. त्यांनी आयुष्यात बरेच कप पाहिले होते.

२

नाचाची कल्पना मास्तरांना एका थिएटरात सुचली. मुख्य सिनेमाआधी दाखवतात त्या माहितीपटात परदेशातली एक जोडी बर्फावर नाचत होती. पुरुषाने बाईचा हात धरला होता आणि ती त्या हातावर सगळा भार टाकून जमिनीला जवळजवळ समांतर होत त्याच्याभोवती फिरत होती. मास्तर त्या दोन मिनिटांसाठी तो भिकार सिनेमा तीनदा पाहून आले.

आपल्याकडे जोडी कुठली? घोटावड्यात चाकांवर नाचणारा पुरुष शोधणं म्हणजे गावात नवीनच कोर्टकचेरी सुरू करणं. म्हणून मास्तरांनी जोडीचा नाच बसवला आणि त्यातला दुसरा काढून टाकला. जया एकटी नाचायची, पण दुसऱ्याची जागा तशीच रिकामी ठेवायची. त्याला वाट द्यायची, त्याच्याभोवती फिरायची, त्याच्याकडे हात करायची.

"तिथे कोणीतरी आहे असं समज," मास्तर म्हणाले. "हात दे. भार टाक."

"कुणावर?"

"जो नाही त्याच्यावर."

"पडेन की."

"पडशील. मग उठशील."

ती पडली. आठ दिवस पडत राहिली. कोपरं सोलली. नवव्या दिवशी पडली नाही.

त्या सकाळी मास्तर रेघा वाचायला आत गेले. एका पायावर घसरत गेलं की चार चाकांच्या दोन समांतर रेघा उठत. मोठ्या वळणावर त्या स्वच्छ उठल्या होत्या. त्यांच्या आतल्या अंगाला, बरोबर एका हाताच्या अंतरावर, तिसरी रेघ होती.

ती चाकाची नव्हती. चाकाच्या रेघेच्या कडेला कोंड्याचे बारीक कंगोरे उठतात. ही रेघ गुळगुळीत होती, ताटातल्या पिठातून बोट ओढावं तशी. जयाच्या रेघेबरोबर ती वळली होती, बरोबर थांबली होती.

"ओढणी लोंबत होती का तुझी?"

जयाने स्वतःकडे पाहिलं. तिच्या अंगात शाळेचा निळा ट्रॅकसूट होता. "कुठली ओढणी, मास्तर?"

"रंभाबाई, तुम्ही आत आला होता का?"

"मी कशाला यीन? तुमीच दारात उबं करताय रोज शिपायावानी."

मास्तरांनी भुताखेतांना छप्पन साली दीक्षेबरोबरच कायमची रजा दिली होती. त्यांनी मनातल्या मनात यादी केली: उंदीर, वारा, पत्र्यावरून पडलेली दोरी. तिन्ही कारणं चांगली होती. एकाच वेळी तीन कारणं चांगली वाटतात तेव्हा त्यातलं एकही खरं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण सात वाजून गेले होते. त्यांनी रंभाबाईला झाडायला सांगितलं.

३

त्यांच्या डोळ्यांत खरं खुपलं ते रेघेमुळे नाही. जया फार कलत होती, म्हणून.

ड्रॉइंग मास्तरला ओळंबा न लावताही कोन कळतो. मोठ्या वळणावर जया आत कलायची, हात पुढे करायची आणि मग आणखी कलायची. त्या कोनात उभं राहणं शक्य नव्हतं. वेगात असलं की माणूस कलू शकतो, हे त्यांना मान्य होतं, सायकलवाला कलतोच. पण वळणाच्या शेवटी जयाचा वेग जवळजवळ संपलेला असायचा आणि ती तशीच कललेली असायची. दोन क्षण, कधी तीन.

एके दिवशी मास्तरांनी खांबाला दोर बांधला, खाली पोती अंथरली आणि जयाला दोर धरून तेवढंच कलायला लावलं. दोर ताठ झाला. इतका ताठ, की गाठ करकरली.

"आता सोड."

जया दाणकन पोत्यांवर पडली आणि हसायला लागली. "कसली परीक्षा आहे ही?"

"काही नाही."

लवळ्याला परतताना चढावर त्यांनी सायकल हातात धरली आणि गणित केलं. गणिताप्रमाणे जयाला दुप्पट वेगात असायला हवं होतं. मग त्यांनी गणित पुन्हा केलं. तिसऱ्यांदा त्यांनी असं ठरवलं की ड्रॉइंग मास्तरने गणित करू नये.

पण दोराची ती करकर त्यांच्या कानात राहिली. दोर ताठ व्हायला दुसऱ्या टोकाला खांब लागतो.

४

नाचाचा पूर्वार्ध अप्रतिम झाला होता. उत्तरार्ध सुचत नव्हता. मास्तरांच्या वहीत दोन पानं भरलेली आणि पुढची कोरी. रविवार सतरा दिवसांवर आला होता.

त्या सकाळी मास्तर लवकर आले. पावणेसात. गिरणीचं कुलूप त्यांनीच काढलं. वरच्या फटींतून उजेडाच्या पट्ट्या पडल्या होत्या. जया अजून यायची होती. रंभाबाई अजून यायची होती. कोंड्याची साय काल दुपारपासून कोणी मोडलेली नव्हती.

तीवर रेघ होती. एकटीच.

दारापासून लांब, मधोमध सुरू झालेली. पूर्वार्धातलं शेवटचं वळण तिने घेतलं होतं, जसं मास्तरांनी बसवलं होतं तसंच. आणि मग ती पुढे गेली होती. जिथे वहीतली पानं कोरी होती, तिथून पुढे. एक मोठी, निवांत वाट कोपऱ्यापर्यंत. तिथून माघार, उलट्या अंगाने. मग एकात एक अडकलेले दोन गोल, त्यात दुसरा पहिल्यापेक्षा जरा लहान, जणू कोणी श्वास आवरता घेतला.

मास्तर दारात उभे राहून बघत राहिले. भीती त्यांना वाटली का? वाटली. पण ती दुसऱ्या नंबरवर होती. पहिल्या नंबरवर जे वाटलं त्याची त्यांना पुढे लाज वाटली. त्यांना हेवा वाटला. एकोणीस स्नेहसंमेलनं आणि आठ वर्षांचा फड, त्यात असे दोन गोल त्यांना एकदाही सुचले नव्हते.

फाटक वाजलं. रंभाबाई झाडू घेऊन येत होती. अजून अर्ध्या मिनिटात सगळं साफ झालं असतं आणि मास्तर दुसरं काहीतरी, बरंसं, चार लोकांनी टाळ्या वाजवाव्यात असं बसवून मोकळे झाले असते.

त्यांनी खिशातून वही काढली आणि रेघ उतरवून घेतली.

"सकाळी सकाळी काय लिवताय, मास्तर?"

"नाच," मास्तर म्हणाले. "झाडा आता. नीट झाडा."

पुढचे दोन आठवडे ते रोज पावणेसातला येत होते. रोज थोडं पुढचं मिळत होतं.

५

"हे फार भारी बसवलंय तुम्ही," जया म्हणाली. चहा आला होता. "उलटं यायचं ते. मला आधी कळलंच नव्हतं का उलटं यायचं. आता कळलं."

"का?"

"त्याला पुढे जायला जागा हवी म्हणून."

मास्तरांनी कान तुटलेला कप दोन बोटांत फिरवला. जया पेला डाव्या हाताने पीत होती. गेले काही दिवस ती सगळं डाव्या हातानेच करत होती. उजवा हात मांडीवर ठेवलेला असे, अर्धा मिटलेला. त्यात काहीतरी धरलेलं असावं आणि ते चुरगळू नये, अशा बेताने.

"हाताला काय झालं?"

"कुठे काय?" तिने हात उघडला. तळवा रिकामा होता. थोड्या वेळाने बोटं पुन्हा वळली, तिच्या नकळत.

"जया, वळणावर तू कलतेस ना. तेव्हा तुला काय वाटतं?"

"तुम्हीच म्हणालात कोणीतरी आहे असं समज. मी समजले." ती हसली. "आधी समजावं लागायचं. आता नाही लागत."

"हात गार असतो का?" हा प्रश्न तोंडातून गेल्यावर मास्तरांना स्वतःचाच राग आला. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या माणसाने विचारण्याचा तो प्रश्न नव्हता.

जयाने जरा विचार केला, दळणाचं माप आठवावं तसा. "गार नाही. कोरडा असतो. हलका. कोंड्यात हात घातल्यासारखा." मग तिने पेला खाली ठेवला. "मास्तर, तुम्ही आता घाबरू नका हं. निवड झाली की मी सुटले. मार्गशीर्षात त्या मिशीबरोबर उभं राहण्यापेक्षा हे बरं."

तिच्या म्हणण्यात तथ्य होतं. मास्तरांनी मिशीचा फोटो पाहिला होता.

६

शुक्रवारी नाचाचा शेवट मिळाला.

रेघ हॉलच्या कडेने निघाली होती आणि आत वळत आली होती. फेरा, त्याच्या आत फेरा, त्याच्या आत फेरा. गोगलगाईच्या पाठीसारखं. आत आत जाताना फेऱ्यांतलं अंतर कमी होत गेलं होतं आणि शेवटी हॉलच्या बरोबर मध्यावर एक ठिपका उरला होता. कोंडा तिथे इतका घासला गेला होता की खालचा कोबा चमकत होता.

मास्तरांनी वही उघडली. पेन्सिल टेकवली. मग ते त्या ठिपक्यापासून बाहेर पडणारी रेघ शोधू लागले. कडेने एक चक्कर घालून त्यांनी चारही बाजूंनी बघितलं. उजेड बदलेपर्यंत थांबून पुन्हा बघितलं.

आत गेलेली रेघ बाहेर आलीच नव्हती.

त्यांनी वही मिटली. जया यायच्या आत त्यांनी रंभाबाईच्या हातातून झाडू घेतला आणि गुडघे वाजवत सगळा हॉल स्वतः झाडला.

"आज काय बक्षीस लागलंया का मला?" रंभाबाई म्हणाली.

जया आली तेव्हा त्यांनी तिला दुसराच शेवट शिकवायला घेतला. मधून निघायचं, फेरे मोठे मोठे करत कडेला यायचं, हात सोडायचा, नमस्कार. साधा शेवट. स्नेहसंमेलनाचा.

"हे नाही शेवट," जया म्हणाली.

"शेवट मी बसवतो."

"आत जायचंय. मला माहीत आहे आत जायचंय ते. पाय तिकडेच वळतात."

"पाय तुझे आहेत का कोणाचे?" मास्तर ओरडले. फडातला आवाज बऱ्याच वर्षांनी निघाला होता. कैच्यांवरून थोडा कोंडा सांडला. "हात सोडायचा. कडेला येऊन सोडायचा. हे करणार असशील तर मी रविवारी येतो. नाहीतर जा एकटी."

जयाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने साधा शेवट केला. दहा वेळा केला. दहाही वेळा कडेला येऊन तिने उजवा हात उघडला. उघडायला तिला जोर लावावा लागत होता, हे मास्तरांनी पाहिलं.

शनिवारी सकाळी कोंडा कोरा होता. कुठेही रेघ नाही.

मास्तरांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी त्या दिवशी कान तुटलेल्या कपाबद्दल मनातल्या मनात हैबतरावांना माफ करून टाकलं. निघताना रंभाबाईला म्हणाले, "आज-उद्या झाडू नका. मी सांगेन तेव्हाच."

"का?"

"बघू या, काही येतं का ते."

"काय यायचंय?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "तेच बघायचंय."

७

पुण्यातल्या त्या क्लबच्या हॉलला लाकडी जमीन होती, पॉलिश केलेली. तिच्यावर रेघ उठत नाही. मास्तरांना वाचता येत नसलेल्या माणसासारखं वाटलं.

रविवारी साडेदहाला जयाचं नाव पुकारलं. पाच परीक्षक टेबलामागे बसले होते. हैबतराव फेटा मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत. मास्तर कडेच्या कठड्याशी, चपला काढून उभे. आत कोणीही पादत्राणं आणू नयेत अशी पाटी होती. टेपरेकॉर्डर सुरू झाला. सनई आणि संबळ. साडेतीन मिनिटं.

पूर्वार्धाला सगळा हॉल गप्प होता. मोठ्या वळणावर जया कलली तेव्हा एक परीक्षक नकळत उठून उभा राहिला. ती कललेलीच राहिली, तीन क्षण. मग सावकाश सरळ झाली, कोणीतरी तिला हाताने वर घ्यावं तशी. टाळ्या पडल्या. हैबतरावांनी इकडेतिकडे बघून, आपलीच मुलगी आहे हे शेजारच्याला सांगितलं.

उत्तरार्ध. उलटं येणं. दोन गोल, दुसरा जरा लहान. इतकं सुंदर काम मास्तरांच्या नावावर कधीच नव्हतं. आणि आताही, खरं म्हणजे, नव्हतं.

मग शेवट. जया मधून निघाली, फेरे मोठे करत कडेकडे आली. मास्तरांच्या समोरून गेली तेव्हा त्यांनी तिची बोटं पाहिली. तिने ती उघडली. पूर्ण उघडली, पाची बोटं ताठ.

हात सुटला नाही. मनगट पुढे ओढलेलं राहिलं, आणि मनगटामागे जया वळली. आत.

फेरा, आत फेरा, आत फेरा. मग मध्यावर गिरकी. सनई थांबली. टाळ्या सुरू झाल्या. जया फिरत होती. टाळ्या जोरात झाल्या, मग तुरळक, मग थांबल्या. जया फिरत होती. चाकांचा एकच आवाज हॉलमध्ये राहिला, जात्यासारखा. वेग कमी होत नव्हता. तिचा चेहरा दर फेऱ्याला एकदा दिसत होता, आणि दर वेळी जरासा कमी दिसत होता. हे मास्तरांना नंतर कोणालाही सांगता आलं नाही.

मास्तर कठडा ओलांडून धावले. गुडघ्यांनी जे काही सांगितलं ते त्यांनी ऐकलं नाही. मोज्यांवर घसरत, धडपडत ते मध्यावर पोचले आणि त्या गिरकीत त्यांनी उजवा हात घातला.

जयाच्या हाताआधी त्यांना दुसरा एक हात लागला. कोरडा. हलका. त्याने क्षणभर त्यांची बोटं चाचपली आणि मग बाजूला होऊन त्यांना जागा करून दिली.

जया त्यांच्या अंगावर कोसळली.

८

परीक्षकांनी नियम वाचून दाखवला. बाहेरच्या माणसाचा हात लागला, खेळाडू बाद. त्यातल्या वयस्कर परीक्षकाने मास्तरांकडे बघून मान हलवली. "एवढा नाच बसवलात आणि दोन मिनिटं दम धरवला नाही?"

परतताना जीपमध्ये जया पिरंगुटपर्यंत बुटाचं एक चाक बोटाने फिरवत बसली. मग म्हणाली, "मी येतच होते बाहेर."

मास्तरांनी मोज्याबाहेर आलेला अंगठा आत ओढून घेतला.

"एक फेरा राहिला होता. एकच. तुम्ही का आलात, मास्तर?"

कदाचित ती येतच होती. कदाचित त्यांनी एका पोरीचं आयुष्य घाबरटपणापायी मिशीच्या स्वाधीन केलं होतं. त्यांनी तिच्या मांडीकडे पाहिलं. तिचा उजवा हात तिथे होता, उताणा, बोटं सैल. कित्येक दिवसांत पहिल्यांदा आपसूक उघडा. त्या हाताने तिने डोळे पुसले.

हैबतराव रागावले नाहीत. उलट मोकळे दिसले. घरी पोचल्यावर त्यांनी मास्तरांना पडवीत बसवलं. "तुमी लई कष्ट केलं. आता फुडं तुमाला तरास न्हाई." चहा आला. त्या दिवशी कप धड होता, कानासकट, बशीही होती. काम संपलं की मान मिळतो, हे मास्तरांना सरकारी नोकरीतून ठाऊक होतं. त्यांनी कप डाव्या हाताने उचलला.

सायकल गिरणीपाशी होती. ती घ्यायला ते गेले तेव्हा चार वाजले होते. रंभाबाई उंबऱ्यावर बसली होती, झाडू शेजारी ठेवून.

"झाडू का आता? का अजून बघायचंय?"

मास्तरांनी आत पाहिलं.

गोगलगाईच्या पाठीसारखे फेरे पुन्हा उठले होते. कडेपासून मध्यापर्यंत. त्या फेऱ्यांना आडवी छेदत, दारालगतच्या उजव्या भिंतीकडून मध्याकडे, पावलं गेली होती. माणसाची. एक पाऊल लांब, एक फरपटलेलं, गुडघे गेलेला माणूस धावला तर उठतील तशी. मोज्यातली. डाव्या पावलाचा पुढचा भाग सपाट होता. उजव्या पावलाला अंगठा स्पष्ट उठला होता.

मध्यावर, घासून चमकणाऱ्या ठिपक्यापाशी, ती थांबली होती.

"कोण आलं होतं इथे?"

"कुनी न्हाई. मी सकाळी सा वाजता उगडलं तवाच हे असं व्हतं. म्या म्हनलं, मास्तर येऊन गेलं जनू. झाडू नको म्हनला व्हता, म्हून नाय झाडलं."

"सकाळी सहाला?"

"तुमची जीप निगाली सातला. मी हितंच व्हते की."

मास्तर उंबऱ्यावरूनच सगळ्यात जवळच्या पावलांवर वाकले. त्यांना रंभाबाईच्या शब्दावर अवलंबून राहण्याची गरज नव्हती. वाचता त्यांनाही येत होतं. पावलांच्या खळग्यांत वरून झिरपलेल्या कोंड्याचा नवा, पातळ थर धरलेला होता. दिवसभराचा. साडेदहाला ते पुण्यात धावले, तेव्हा ही पावलं केव्हाच जुनी झालेली होती.

म्हणजे तेही बसवलेलंच होतं.

उठताना त्यांनी उंबऱ्याला हात टेकायला उजवा हात पुढे केला. तो उघडला नाही. बोटं अर्धी मिटलेली होती, काहीतरी धरलेलं असावं आणि ते चुरगळू नये, अशा बेताने.

रंभाबाई पावलांकडे बघत होती. झाडूच्या दांड्याने तिने हवेत एक एक पाऊल मोजलं, भिंतीपासून मध्यापर्यंत. मग मध्यापासून चारही बाजूंना नजर फिरवली, आणि पुन्हा एकदा फिरवली. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"मास्तर," ती म्हणाली, आणि उंबऱ्यावरच जरा मागे सरकली. "ही आत गेल्याली हायेत नव्हं? मग तुमी भाईर कवा आला?"